बंदी आली, पारा राहिला
ऊसबेण्याच्या पारायुक्त औषधाचा हिशेब शिवारात अजून बाकी का आहे?

खास प्रतिनिधी

कुंभार पिंपळगाव (जि. जालना) : केंद्र सरकारने ८ ऑगस्ट २०१८ रोजी १८ कीडनाशकांवर बंदी घालणारा आदेश काढला. त्यापैकी १२ औषधांवरील बंदी तत्काळ अमलात आली. या १२ औषधांच्या यादीत ‘मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड’ असे एक लांबलचक नाव होते. शहरी वाचकाने ते ऐकलेले असण्याची शक्यता कमी. ऊस पिकविणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांना मात्र हे औषध ॲगॅलॉल, ॲरेटान, एमिसान अशा व्यापारी नावांनी ठाऊक आहे. उसाची टिपरी लागणीपूर्वी ज्या द्रावणात बुडवीत, ते याच भुकटीचे असे. या भुकटीचा प्रभावी घटक होता पारा.

कुंभार पिंपळगाव ही घनसावंगी तालुक्यातील मोठी बाजारपेठ. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे आणि जायकवाडीचा डावा कालवाही याच तालुक्यातून जातो. पैठणच्या धरणाचे लोकार्पण १९७६ मध्ये झाले. कालव्याचे पाणी जसजसे शिवारात पोहोचले, तसतसा ज्वारी-बाजरीच्या या मुलखात ऊस वाढत गेला. अंकुशनगर आणि तीर्थपुरी येथील साखर कारखान्यांनी त्याला हक्काचे गिऱ्हाईक दिले. उसाच्या बेण्याला पारायुक्त औषध लावण्याची शिफारस देशभरातील ऊसलागवडीसाठी अनेक दशके प्रचलित होती. त्यामुळे या औषधाचा प्रश्न कोणा एका गावाचा नाही. ऊस घेणाऱ्या प्रत्येक गावाचा आहे. येथे कुंभार पिंपळगावच्या परिसराचा विचार केला आहे तो एक उदाहरण म्हणून.

कायद्याने औषध बंद झाले. परंतु जे आधीच वापरले गेले, सांडले किंवा गोठ्याच्या माळ्यावर पडून राहिले, त्यातील पाऱ्याचे काय झाले, याचे उत्तर बंदीच्या आदेशात नाही. ते शोधण्यासाठी या रसायनाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

‘सेंद्रिय’ शब्दाचा वेगळा अर्थ

पारा, शिसे, कथील यांसारखे धातू कार्बनच्या अणूशी थेट जोडले गेले की जी संयुगे तयार होतात, त्यांना सेंद्रिय धातू संयुगे म्हणतात. येथील ‘सेंद्रिय’ शब्दाचा सेंद्रिय शेतीशी संबंध नाही. रसायनशास्त्रात कार्बनयुक्त संयुगांना हा शब्द लावला जातो. धातू कार्बनशी बांधला गेला की त्याचे वागणे पालटते. यांतील अनेक संयुगे शरीरातील पडदे सहज ओलांडतात. साधा पारा चुकून गिळला गेला तर तो बहुतांशी तसाच बाहेर पडतो. मिथाइल पारा मात्र अन्नातून आतड्यात गेला की जवळजवळ सगळा रक्तात शोषला जातो. तेथून तो मेंदूत शिरतो आणि गर्भवती स्त्रीच्या वारेतून गर्भापर्यंतही पोहोचतो.

या कुळातील तीन संयुगांनी विसाव्या शतकात जगभर धुमाकूळ घातला. पहिले टेट्राइथाइल शिसे. इंजिनाची ठोक थांबावी म्हणून ते पेट्रोलमध्ये मिसळले जात असे. मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. जगात ते विकणारा अखेरचा देश अल्जीरिया ठरला. तेथे २०२१ मध्ये त्याची विक्री थांबली. दुसरे ट्रायब्युटिल कथील. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून ते रंगात घातले जाई. त्याच्या अत्यल्प अंशानेही समुद्री शंखांच्या माद्यांमध्ये नराची लक्षणे उमटतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी भारतीय किनाऱ्यावरील शंखांतही ही विकृती नोंदविली. जहाजांवरील या रंगांना मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला.

तिसरे कूळ सेंद्रिय पाऱ्याचे. ज्वारीच्या बियाण्याला चोळण्याच्या सेरेसान, ॲग्रोसान या जुन्या भुकट्या त्यातल्याच. बुरशी मारण्यात पारा इतका परिणामकारक होता की बीजप्रक्रिया म्हणजे पारा असे समीकरण एके काळी जगभर रूढ झाले होते.

रंग धुतला, विष राहिले

जालन्याला रंगीत बियाणे नवीन नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना येथेच केली आणि पुढे हे शहर बियाण्यांची राजधानी म्हणून ओळखले जाऊ लागले. औषध लावलेले बियाणे लाल-गुलाबी का असते, हे येथील शेतमजुरालाही ठाऊक असते. तो रंग धोक्याची खूण असतो. ही खूण न कळल्याने किती मोठा अनर्थ होतो, हे इराकमध्ये दिसले.

दुष्काळानंतर इराकने १९७१ मध्ये मिथाइल पारा लावलेले गहू आणि बार्लीचे बियाणे आयात केले. ते मिळून सुमारे ९५ हजार टन होते. पोत्यांवरील सूचना शेतकऱ्यांना न वाचता येणाऱ्या भाषांत होत्या आणि बियाणे हाती पडेपर्यंत अनेक ठिकाणी पेरणी उरकली होती. शेतकऱ्यांनी गहू धुतला. रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे त्यांना वाटले. काहींनी खात्री करण्यासाठी आधी कोंबड्यांना आणि जनावरांना दाणे घातले. काही दिवस काहीच झाले नाही, म्हणून पिठाच्या भाकऱ्या भाजल्या. सेंद्रिय पाऱ्याची लक्षणे उमटायला कित्येक आठवडे लागतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येणे, तोल जाणे, दृष्टीचा घेर आक्रसणे, ऐकू न येणे अशा क्रमाने आजार वाढत गेला. रुग्णालयांत ६,५३० जण दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ दगावले, अशी अधिकृत नोंद आहे. रुग्णालयापर्यंत न पोहोचलेल्यांची त्यात गणना नाही.

स्वीडनने त्याआधीच धडा घेतला होता. पेरलेले दाणे टिपणारे पक्षी शेतांत मरून पडू लागल्यावर तेथे १९६६ मध्ये मिथाइल पाऱ्याच्या बीजप्रक्रियेवर बंदी आली.

उसाच्या बेण्यासाठी वापरलेले औषध याच कुळातील असले, तरी ते मिथाइल पाऱ्याइतके जहाल नव्हते. त्याचा रेणू कमी टिकाऊ असतो आणि शरीरात तो मूत्रपिंडाला अधिक इजा करतो. भारतात २००१ मध्ये या औषधाचा वापर फक्त बटाटा आणि ऊस यांच्या बेण्यापुरता मर्यादित करण्यात आला. परदेशांत बंदी वा निर्बंध असूनही भारतात वापरल्या जाणाऱ्या ६६ कीडनाशकांचा फेरविचार करण्यासाठी २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींच्या आधारे २०१८ चा आदेश निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारावर शिक्कामोर्तब केले होते.

रेणू मोडतो, धातू उरतो

एरवीचे कीडनाशक कालांतराने जमिनीत विघटित होते. सूर्यप्रकाश, पाणी आणि जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि शेवटी निरुपद्रवी घटक उरण्याची शक्यता असते. धातूच्या बाबतीत हा दिलासा नाही. ऊसबेण्याच्या औषधाचा रेणू मातीत लवकर फुटतो. पण त्यातला पारा पारा म्हणूनच शिल्लक राहतो. पारा हे मूलद्रव्य असल्याने त्याला आणखी फोडून नाहीसे करणे कोणत्याही जिवाणूला किंवा यंत्राला शक्य नाही.

मराठवाड्याची काळी जमीन चिकणमातीची आहे. तिचे कण आणि त्यांतील सेंद्रिय कर्ब पाऱ्याला घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे तो सहसा खोल झिरपत नाही, वरच्या थरातच राहतो. ही एका अर्थाने सुदैवाची गोष्ट. परंतु पावसाळ्यात वरचा थर वाहून जातो, तेव्हा मातीच्या कणांबरोबर पाराही ओढ्यात आणि नदीत उतरतो. पाणी साचलेल्या जागी तो गाळात बसतो. गाळाच्या प्राणवायू नसलेल्या थरांत काही जिवाणू असतात आणि ते या साध्या पाऱ्याचे पुन्हा मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. स्वीडिश संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे सिद्ध केले आणि हे काम करणारी दोन जनुके अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ओळखली.

याचा अर्थ असा, की शेतात टाकलेले कमी विषारी संयुग मातीत मोडते, पाण्याबरोबर प्रवास करते आणि गाळात जाऊन अधिक विषारी रूपात पुन्हा जुळते. पुढे सूक्ष्म शैवाल, त्यावर जगणारे किडे, लहान मासे आणि मोठे मासे या साखळीत त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढते. मांसाहारी माशाच्या अंगात ते पाण्यातील प्रमाणाच्या दहा लाख पटींपर्यंत पोहोचू शकते. म्हणून तपासणी करायची तर केवळ पाण्याची करून भागत नाही. गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी येथे उच्च पातळीचे बंधारे आहेत. अशा बंधाऱ्यांच्या फुगवट्यातील गाळ आणि त्यातील मरळ, वाम यांसारखे मांसाहारी मासे तपासले, तर शिवाराचा खरा हिशेब कळू शकेल. रोहू-कटल्यात तो तितका स्पष्ट उमटणार नाही.

एका लागणीचा हिशेब

धोका नेमका किती आणि कोठे, हे समजण्यासाठी साधे गणित मांडून पाहता येते. हे प्रत्यक्ष मोजमाप नाही, आकडे समजावेत म्हणून केलेला अंदाज आहे.

समजा, ६ टक्के पारा असलेली २५० ग्रॅम भुकटी १०० लिटर पाण्यात कालवली. त्या पाण्यात १५ ग्रॅम पारा आला. लिटरमागे हे प्रमाण १५० मिलिग्रॅम होते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा असू नये. म्हणजे बेणे बुडविण्याचे द्रावण या मर्यादेच्या दीड लाख पट होते.

आता हा सगळा पारा टिपऱ्यांबरोबर एकरभर शेतात गेला असे धरू. एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो भरते. त्यात १५ ग्रॅम पारा विखुरला, तर किलोमागे सुमारे ०.०२ मिलिग्रॅम पडतो. कित्येक ठिकाणच्या नैसर्गिक मातीतही एवढा पारा असतोच. ३० वर्षांत १० वेळा लागण झाली, तरी हे प्रमाण ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास राहील. तेव्हा अवघे शिवार विषारी झाले, अशी ओरड करण्याचे कारण नाही.

परंतु सगळा पारा शेतात जात नसे. बेणे बुडवून झाल्यावर हौदात किंवा पिंपात द्रावण उरे आणि ते तेथेच उपडे केले जाण्याचा संभव अधिक. समजा, निम्मे द्रावण विहिरीच्या काठी एक चौरस मीटर जागेत ओतले. तेथील १५ सेंटिमीटर जाडीच्या मातीचे वजन सुमारे २०० किलो. तिच्यात ७.५ ग्रॅम पारा मुरला, की किलोमागे ३७ मिलिग्रॅमहून अधिक पारा झाला, आणि तोही एकाच वेळच्या ओतण्याने. जपानमध्ये मिनामाता उपसागरातील गाळ काढताना किलोमागे २५ मिलिग्रॅम ही सीमा ठरविली होती. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे थर्मामीटरच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातील मातीसाठी २० मिलिग्रॅमचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि तेही सैल आहे, अशी टीका झाली.

विहिरीचे गणित आणखी बोलके आहे. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १ लाख ४० हजार लिटर भरते. एवढे पाणी पिण्याच्या मर्यादेपर्यंत नेण्यास ०.१४ ग्रॅम पारा पुरेसा आहे. ६ टक्क्यांच्या भुकटीचा हिशेब केला तर ती अडीच ग्रॅमच्या आत येते; म्हणजे एक लहान चमचाही नाही.

या गणिताचे तात्पर्य सरळ आहे. पाऱ्याचा धोका सगळ्या रानात सारखा पसरलेला नाही. तो काही ठरावीक जागी साठलेला असू शकतो. बेणे बुडविण्याची जागा, औषध ठेवण्याची खोली, रिकामे डबे पुरण्याचा खड्डा आणि अजून न उघडलेला किंवा अर्धवट उरलेला डबा, या त्या जागा होत.

सफाई म्हणजे काय?

जगातील सर्वांत गाजलेली सफाई मिनामाताची. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून १९३२ ते १९६८ या काळात मिथाइल पारा समुद्रात जात होता. १ मे १९५६ रोजी आजाराची अधिकृत नोंद झाली. उपसागराच्या सफाईला १९७७ मध्ये सुरुवात झाली आणि ती १९९० पर्यंत चालली. सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळला गेला. अत्यंत दूषित भाग पोलादी भिंतींनी वेढून, उपसलेला गाळ त्यात भरून, वर स्वच्छ माती टाकून ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. खर्च ४८ अब्ज येनहून अधिक. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये उपसागराच्या तोंडाशी लावलेली जाळी १९९७ मध्ये काढली गेली. एवढे करूनही पारा नाहीसा झाला नाही. तो तेथेच, त्या भिंतींच्या आत बंदिस्त आहे.

पाऱ्याच्या बाबतीत ‘सफाई’ या शब्दाचा अर्थ यावरून लक्षात येतो. एक तर तो गोळा करायचा, नाही तर हलणार नाही असा बांधून ठेवायचा. त्यासाठी आज काही पद्धती उपलब्ध आहेत.

गंधकाशी संयोग करणे ही त्यांतील जुनी आणि भरवशाची. पारा आणि गंधक मिळून जे संयुग बनते ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. निसर्गात पारा याच रूपात, हिंगुळ म्हणून सापडतो. अशा रीतीने स्थिर केलेला कचरा अस्तर घातलेल्या सुरक्षित भूमीत ठेवला जातो. दुसरी पद्धत मातीला तापवून पाऱ्याची वाफ करणे आणि ती थंड करून गोळा करणे. तिसरी माती धुण्याची. यात पाऱ्याला धरून ठेवणारे बारीक कण वेगळे काढले जातात आणि दूषित मातीचा आकार कमी होतो. कोडाईकनालच्या कारखान्यातील सुमारे २९० टन पारायुक्त कचरा २००३ मध्ये पुनर्प्राप्तीसाठी जहाजाने अमेरिकेत धाडण्यात आला होता. तेथील मातीच्या सफाईच्या आराखड्यात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, म्हणजे ‘नीरी’चा सहभाग राहिला.

जिवाणूंकडूनही काम करून घेता येते. काही जिवाणूंमध्ये दोन विकरे असतात. एक विकर सेंद्रिय पाऱ्यातील कार्बन आणि पारा यांची गाठ सोडविते. दुसरे उरलेल्या पाऱ्याचे वाफेत रूपांतर करते. भारताच्या किनारी पाण्यात पाऱ्याला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण वाढत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात हीच जिवाणूंची जनुके वनस्पतीत घालून मिथाइल पारा पचविणारी रोपे १९९९ च्या सुमारास प्रयोगशाळेत वाढविण्यात आली. परंतु उघड्या शेतात अशी वाफ हवेत सोडून दिली, तर पारा जमिनीवरून उचलून आकाशात टाकल्यासारखे होते. तो पावसाबरोबर दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात उतरणार. म्हणून बंदिस्त टाक्यांत सांडपाणी शुद्ध करण्यासाठी जिवाणू उपयुक्त असले, तरी गावच्या रानासाठी हा उपाय नव्हे.

गावाच्या आवाक्यातील उपाय

मिनामाताच्या आकड्यांनी छाती दडपते. घनसावंगी तालुक्यातील एखाद्या गावाला मात्र १५ लाख घनमीटर गाळ काढायचा नाही. वर मांडलेला अंदाज खरा मानला, तर प्रश्न काही डब्यांचा आणि थोड्या चौरस मीटर मातीचा आहे. एवढे काम आवाक्यातले आहे. मात्र ते वेळेत व्हायला हवे. डबा गंजून फुटला आणि भुकटी सांडली, की दहा किलोचा प्रश्न दहा टनांचा होतो.

डबा सापडला तर काय करू नये, हे आधी सांगणे आवश्यक आहे. तो जाळू नये. पारा वाफ होऊन श्वासात जातो. विहिरीत, कालव्यात किंवा ओढ्यात टाकू नये. बांधावर पुरू नये. भंगारवाल्याला देऊ नये. ज्या पिंपात द्रावण केले, ते पाणी भरायला किंवा जनावरांच्या आंबोणाला वापरू नये. औषध लावलेली शिल्लक टिपरी गुरांना घालू नयेत. उघड्या हाताने भुकटी झाडू नये, फडक्यानेही झटकू नये.

करावयाचे ते इतकेच. डबा आहे तसा, न उघडता, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक घालून झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात ठेवावा. पत्र्याचे, विशेषतः ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. पाऱ्याची संयुगे असा धातू खातात. पिंपावर ठळक अक्षरांत ‘पारायुक्त विष’ असे लिहावे. धान्य, वैरण आणि मुले यांपासून दूर, कुलपात ठेवावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. हाताला किंवा कपड्यांना भुकटी लागली असल्यास भरपूर साबण-पाण्याने धुवावे. बोटांना मुंग्या, हिरड्यांना सूज, लघवी कमी होणे अशी लक्षणे असतील, तर डॉक्टरांना पाऱ्याचा संबंध स्पष्ट सांगावा. तसे न सांगितल्यास त्याची तपासणी सहसा केली जात नाही.

येथून पुढचा टप्पा मात्र शेतकऱ्याच्या हातात नाही. कीटकनाशक नियम, १९७१ यांतील ४४ वा नियम रिकाम्या वेष्टनांची, उरलेल्या औषधाची आणि धुवणाची विल्हेवाट पाणी व परिसर दूषित न करता लावावी, असे सांगतो. घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारी सामायिक केंद्रे राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. पण ही व्यवस्था उभी राहिली ती कारखान्यांच्या ट्रकभर कचऱ्यासाठी. एखाद्या शेतकऱ्याच्या माळ्यावरचा पाव किलोचा डबा तेथपर्यंत नेण्यासाठी मध्ये कोणीतरी हवे. गावातील डबे एका ठिकाणी गोळा करणे, त्यांची नोंद करणे आणि ते केंद्रापर्यंत पाठविणे हे काम कृषी विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी एकत्र येऊन हाती घेण्याजोगे आहे. साखर कारखान्यांकडे ऊस नोंदणीची गाववार यादी आणि गटवार कर्मचारी असतात. तीच यंत्रणा लागणीच्या हंगामात घरोघरी हा एक प्रश्न विचारू शकते.

तपासणीचेही तसेच. २०१५ पासून देण्यात येणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत १२ घटक नोंदविले जातात. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन यांच्याबरोबर सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असतात. पारा नसतो. माती उत्तम असल्याची पत्रिका हाती असूनही विहिरीच्या काठच्या त्या एका चौरस मीटरविषयी ती काहीच सांगत नाही. पाऱ्याची चाचणी वेगळ्या उपकरणावर, शीतबाष्प पद्धतीने करावी लागते. सगळ्या रानांची ती करण्याची गरज नाही. जेथे वर्षानुवर्षे बेणे बुडविले गेले, अशा जागांची यादी ग्रामसभेत जुन्या शेतकऱ्यांकडून आणि सालगड्यांकडून तयार झाली, तर मोजक्या नमुन्यांत काम भागते. या माणसांची पिढी आता वृद्ध झाली आहे. कोणत्या लिंबाखाली पिंप ठेवत होते, ही माहिती कोणत्याही कागदावर नाही. ती त्यांच्याच आठवणीत आहे.

पाऱ्याशिवाय ऊस

औषध गेले म्हणून उसाचे काही अडले नाही. टिपऱ्यांची टोके कुजून आतून पिकल्या अननसासारखा वास येणारा रोग रोखण्यासाठी पारा वापरला जात होता. त्यासाठी आता इतर बुरशीनाशके उपलब्ध आहेत. काणी आणि गवताळ वाढ यांसारख्या बेण्यातून पसरणाऱ्या रोगांवर तर उष्णता हाच उपाय आहे. ५४ अंश सेल्सिअसच्या दमट हवेत चार तास किंवा ५० अंशांच्या पाण्यात दोन तास बेणे ठेवले जाते. निरोगी बेणेमळ्यातील नऊ-दहा महिन्यांचे कोवळे बेणे घेणे हा त्याहून सोपा मार्ग. उष्णतेचा अंश मातीत राहत नाही, ही तिची जमेची बाजू.

शहरातल्या वाचकाला हा दूरच्या खेड्याचा प्रश्न वाटेल. परंतु कॉस्टिक सोड्याच्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत पारा वापरला जात होता आणि ठाण्याच्या खाडीतील पाऱ्याविषयीचा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास १९८१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे पाऱ्याचा माग शहराच्या खाडीतही आहे आणि खेड्याच्या विहिरीकाठीही. फरक असा, की कारखान्याला दार असते, नोंदवही असते आणि नोटीस पाठवायला पत्ता असतो. माळ्यावरच्या डब्याला यांपैकी काहीच नाही. त्याची नोंद गावालाच करावी लागेल, आणि ती होण्यासाठी पुढच्या लागणीची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘जुनी औषधे व त्यांच्या जागा’ एवढी एक ओळ घातली, तरी कामाला सुरुवात होईल.